वहीत न लिहिलेलं

कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस, तळमजला.
दारावर पाटी आहे, पाळणाघर.
त्यातला ‘ळ’ मागच्या होळीत कोणीतरी रंगानं बुजवला,
तो तसाच आहे.

सकाळी पावणेनऊला स्वरजा येते,
चौदा महिन्यांची, बाबाच्या हेल्मेटचा पट्टा मुठीत.
पिशवीत दोन लंगोट, एक डबा
आणि निळ्या कव्हरची वही.
वहीत मी लिहायचं असतं:
खिमट, पाऊण वाटी.
झोप, एक चाळीस ते तीन.
शी, एकदा, घट्ट.
खाली सही.
मी दहावी नापास,
पण माझ्या सहीचा फोटो
रोज महापेच्या ऑफिसात जातो.

मंगळवारी अकराच्या सुमारास
मी मेथी निवडत होते.
हमदान कुकरच्या शिट्टीला टाळ्या पिटत होता
(दीड वर्षाचा, अजून बोलत नाही,
पण तीन शिट्ट्या झाल्या की गॅसकडे बोट करतो.
त्याच्या आईला डॉक्टरनं कसलासा तक्ता दिलाय,
त्यात शिट्ट्यांचा रकाना नाही)
आणि स्वरजानं स्टूल सोडलं.

एकदम नाही सोडलं.
आधी एक बोट, मग दुसरं,
मग नुसता तळवा, टेकवल्यासारखा,
आणि मग मध्ये हवा.
पोट पुढे, दोन्ही हात वर,
डोक्यावर घागर असल्यासारखी.
एक. दोन.
तिसरं पाऊल फरशीच्या फटीशी अडलं.
तिनं खाली पाहिलं,
फट ओलांडली,
चौथं,
आणि बदकन मेथीच्या देठांवर बसली.

मी हातात जुडी धरून तशीच.
टाळी वाजवली नाही, हाक मारली नाही.
मोबाइल फ्रीजवर होता, तिथेच राहू दिला.
वहीत लिहिलं: खेळली.

बावीस वर्षांत एकोणचाळीस पोरं
माझ्या फरशीवर पहिल्यांदा चालली.
एकाही आईला मी सांगितलेलं नाही.
फक्त संध्याकाळी पिशवी देताना म्हणते,
आज टीपॉय जरा बाजूला करा.
रात्री साडेनवाला फोन येतो:
काकू, चालली! आत्ता! सोफ्यापासून टीव्हीपर्यंत!
अगं बाई, खरं की काय?
किती पावलं?
आणि ती सांगेल तितकी
मी खरंच मोजते.

हे खोटं मला जमतं.
माझा नितेश चालला तेव्हा
मी वाशीच्या मार्केटात कांदे निवडत होते, रोजंदारीवर.
शेजारणीनं रस्त्यातच गाठलं, मोठ्यानं सांगितलं.
चांगल्या मनानंच सांगितलं बिचारीनं.

जमत नाही ते वेगळंच.
गुरुवारी स्वरजा झोपेतून उठली,
गालावर चटईचे वळ,
माझ्याकडे बघून म्हणाली, आई.
स्पष्ट.
घरी अजून ‘बाबा’वरच गाडी अडलेली.
मी मागे वळून पाहिलं.
मागे बेसिन.

मग तिला मांडीवर घेऊन
तासभर घोकून घेतलं: का-कू. का-कू.
तिनं माझा खालचा ओठ चिमटीत धरून पाहिला
(या चिमटीनं ती हल्ली चुरमुरे उचलते,
एकेक, सोनाराच्या पोरीसारखी)
आणि म्हणाली, काऊ.

चालेल.
खिडकीच्या जाळीवर दुपारचा एक येतोच
पोळीच्या तुकड्यासाठी.
आता ती ‘काऊ’ म्हणाली
की आम्ही दोघंही मान वळवतो.

संध्याकाळी तिच्या आईला म्हटलं,
तिच्यासमोर सारखं ‘आई’ म्हणत राहा,
या आठवड्यात म्हणेल बहुतेक.
ती चप्पल घालता घालता थांबली.
तुम्हाला कसं कळतं हो सगळं?

म्हटलं, दातांवरून.