ना देवाला, ना केसात

रमणमळ्यातल्या घराला बाग अशी नव्हतीच.
कंपाउंडच्या कडेनं सहा हात माती,
आणि तिच्यात आधीच्या भाडेकरूनं पुरलेल्या फुटक्या विटा.
त्या मी उपसल्या, एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात,
हातातला चुडा अजून नवा होता.

पहिली आली गुलबक्षी, न लावता.
ती हॉर्लिक्सच्या बाटलीत उभी केली
(लेबल निम्मंच निघालं होतं)
आणि बाटली रेडिओवर ठेवली.
कागलहून वन्सं आल्या होत्या.
बराच वेळ बघत बसल्या, मग म्हणाल्या,
"देवाला न्हाईत, केसात न्हाईत,
मग ही फुलं कुणाला गं?"
चहा उतू गेला.
मला उत्तर सुचलं नाही.

हे उद्यमनगरात, दुसऱ्याच्या फौंड्रीत मोल्डर.
दिवाळीच्या आदल्या रात्री पिशवीतनं काहीतरी काढून ठेवलं,
तसं टेबल कुरकुरलं.
उरलेल्या गनमेटलची फुलदाणी.
पंपाच्या बुशचा साचा, तळ तेवढा बुजवलेला,
एका अंगाला वाळूचा खरबरीत डाग.
"रविवारी घासून देतो," म्हणाले.
पुढं अठ्ठावीस वर्षं रविवार येत राहिले.

तिचं तोंड इतकं अरुंद
की तीन देठांवर चौथा जात नाही.
फुलं कमी घ्यायची असतात
हे मला तिनं शिकवलं.

मुल्लाणींच्या हमीदाभाभींनी डेलियाचा कंद दिला,
पेपरात गुंडाळून. पोरानं विचारलं, भाजायचा का?
त्याच कंदाच्या फुलाला प्रदर्शनात तिसरा नंबर,
बक्षीस निळसर काचेची फुलदाणी, कमरेत बारीक.
ती शोकेसमध्ये गेली.
फुटेल म्हणून तिच्यात कधी पाणी घातलं नाही.
रंगकाम चालू असताना फुटली, कोरडीच.

देठ तिरका कापावा, उन्हं यायच्या आत.
पाण्यात बुडतील ती पानं काढावीत.
झेंडूचं पाणी रोज बदलावं, नाहीतर घरभर वास.
शेवंती आठ दिवस टिकते, अस्टर पाच.
जास्वंद फुलदाणीत घालूच नये, संध्याकाळी मिटते.
मी घातली होती एकदा,
पोरगं ट्रंक घेऊन पुण्याला गेलं त्या दिवशी.
संध्याकाळी मिटली,
तेव्हा बरंच वाटलं.

हे गेले त्या वर्षी काही कापलं नाही.
निशिगंध झाडावरच वाळला,
पाखरांनी झिनियाचं बी खाल्लं.

एकोणीसच्या महापुरात पाणी खिडकीच्या वर गेलं.
आठ दिवस मी कागलला, वन्संकडे.
त्यांना आता नीट दिसत नाही,
भिंत चाचपत चालतात.
दुसऱ्या दिवशी उठले तर माझ्या उशाशी
स्टीलच्या पेल्यात सदाफुली, पाच-सहा, वेड्यावाकड्या तोडलेल्या,
एक तर मुळासकट.
मी काही विचारलं नाही.
त्याही काही बोलल्या नाहीत.
चहाला मात्र बोलावलं, नेहमीपेक्षा जोरात.

परतले तर फ्रीज सोप्यात येऊन आडवा,
गाद्या फुगलेल्या, कपाटाला दार नाही.
बाटल्या, बरण्या कुणाकुणाच्या दारात जाऊन पडलेल्या.
खिडकीच्या कट्ट्यावर
ती एकटी, ठेवली होती तिथंच,
गळ्यापर्यंत पंचगंगेचा गाळ.
"बघ, वजन कामी आलं का न्हाई?"
असं म्हणायला कुणीतरी पाहिजे होतं.

गाळ टाकला नाही. उलथण्याच्या दांड्यानं उकरून
वाफ्यावरच पसरला.
दसऱ्यापर्यंत सगळं कुजलेलं,
कर्दळ मात्र तरारून उभी, लाल, थोडी उद्धट.
तिचा देठ जाड. तीन कुठले, एकच मावला.

खरबरीत बाजू मी भिंतीकडे करायची, इतकी वर्षं.
त्या दिवशी घाईत उलटी ठेवली गेली
आणि मग तशीच राहिली.

हमीदाभाभींच्या सुनेकडून परवा कंद आणलाय.
पिवळा म्हणाली. पण लागवडीआधी
कुणालाच खात्री नसते.