वजा सहा पेन्स

ॲबर्डीनच्या दगडी गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर
आम्ही दोघांत एक पलंग भाड्यानं घेतला होता.
आठवड्याला दोन शिलिंग, कोळसा वेगळा,
मेणबत्ती वेगळी,
आणि शनिवारी रात्री मिसेस क्रुकशँकचा चेहरा,
तोही वेगळा.

नीनियन लीस्कचं पीठ एका पोत्यात, माझं दुसऱ्या.
सकाळी ओटची लापशी, रात्री ओटची लापशी,
मध्ये प्राध्यापक.

प्राध्यापक सांगायचे: पाण्यावाचून जीव जातो, तरी ते फुकट,
हिऱ्यावाचून कुणाचं अडत नाही, म्हणून काय तो स्वस्त आहे?
नीनियन सगळं उतरून घ्यायचा, शाईत पाणी घालून.
पेनीभर शाई हिवाळाभर पुरवायची
म्हणजे शब्द फिके होतच जाणार.
त्याची वही आता माझ्याकडे आहे.
डिसेंबरातलं 'मूल्य' चष्म्याशिवाय वाचता येतं,
फेब्रुवारीतली 'मजुरी'
खिडकीशी धरावी लागते.

मजुरी म्हणजे देशातला एक ठरलेला ढीग
भागिले माणसं, असं त्या वर्षी शिकवलं.
नीनियननं खोलीवर येऊन भागाकार करून पाहिला,
उरलेलं पीठ भागिले फेब्रुवारीचे दिवस.
नेमकं लीप वर्ष निघालं.

मग पिठासाठी मिळायची ती सोमवारची सुट्टी.
सव्वीस मैल चालत गेला, सव्वीस मैल चालत आला,
येताना पाठीवर पोतं.
फुटू नयेत म्हणून आईनं पिठात अंडी पुरली होती.
आम्ही कोपरापर्यंत हात घालून शोधली, पाच.
सहावं मार्चच्या मध्यावर सापडलं,
वासानं.

आई मोजे विणायची व्यापाऱ्यासाठी, जोडीवर पैसे.
बाप ग्रॅनाइट फोडायचा, जोवर डोळे होते.

भांडवल कुठून येतं, हा तास मला स्पष्ट आठवतो.
बाहेर समुद्रावरून बर्फ तिरकं येत होतं.
प्राध्यापक म्हणाले, भांडवल संयमातून येतं.
जो आज खात नाही, उद्यासाठी ठेवतो,
व्याज हे त्याच्या कळ सोसण्याचं बक्षीस.
नीनियन उठला. तो कधी उठायचा नाही,
पँटला मागं ठिगळ होतं.
"सर, आणि जन्मभर पोटाला चिमटा घेऊन
काहीच साठलं नाही,
तर त्याला शास्त्रात काय म्हणतात?"

वर्ग हसला. मीही हसलो,
हे लिहून ठेवलेलं बरं.
प्राध्यापक हसले नाहीत. चष्मा पुसला,
म्हणाले, "तो भाग आपण पुढे घेऊ."

पुढे सत्र संपलं.

परीक्षेत मात्र नीनियननं संयमच लिहिला,
पानभर, अगदी त्यांच्याच शब्दांत,
आणि पहिला आला.
बक्षीस म्हणून ग्रंथ मिळाला, वासराच्या कातड्याची बांधणी,
कडेला सोनेरी वर्ख, दुकानात किंमत एक गिनी.
पहिल्या कोऱ्या पानावर वर छापलेलं कॉलेजचं नाव,
खाली प्राध्यापकांच्या हातचं नीनियनचं.

दोन रात्री ग्रंथ पलंगावर आमच्या मध्ये झोपला.
तिसऱ्या दिवशी भाड्याचं थकलं होतं.
जुनं घेणाऱ्यानं पुस्तक उलटंपालटं केलं,
"आठ शिलिंग."
नीनियननं पहिलं पान अलगद फाडून घेतलं.
"आता साडेसात."

जिन्यातच तो थांबला, आणि इतका हसला
की मला त्याच्या हातातले पैसे धरावे लागले.
"बघ," म्हणाला, "माझ्या नावाचा बाजारभाव निघाला.
सहा पेन्स. आणि तोही
मी नसलो तरच कापतात."

ते पान त्यानं आईला नेऊन दिलं.
तिला छापील वाचता यायचं, हातचं नाही.
कॉलेजचं नाव तिनं मोठ्यानं वाचलं,
मुलाच्या नावावरून अंगठा फिरवला,
मग पानाची घट्ट घडी घातली
आणि तिच्यावर लोकर गुंडाळायला घेतली,
गुंडा धरायला आत काहीतरी
टणक लागतं म्हणून.