आगाऊ

दिवाळं काढायला पैसे लागतात
हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं.

वांद्र्याच्या काचेच्या इमारतीतला म्हणाला,
आम्ही कंपन्या बुडवतो, काका, माणसं नाही.
त्याच्या पाण्याच्या बाटलीवरसुद्धा त्याचं नाव.
छपाई चांगली होती. निळा जरा सांडलेला.
काळबादेवीचा एक मिळाला मेहुण्याच्या ओळखीनं,
तो अर्धा तास फोनवर दुसऱ्याशीच बोलला
आणि त्या अर्ध्या तासाचे दीड हजार घेतले.
हेमलता म्हणाली, जवळचा बघा कोणी,
निदान टॅक्सी तरी वाचेल.

तसे आलो विजयकरांकडे.
खेतवाडी, आठवी गल्ली, इराण्याच्या वर,
जिन्याला दोरी.
त्यांनी चष्मा पुसला. किती देणं?
मी आकडा सांगितला.
ते दचकले नाहीत, तेवढंच बरं वाटलं.
मग म्हणाले, फी चाळीस हजार. निम्मी आगाऊ.

आगाऊ.
शाळेत मास्तर मलाच म्हणायचे तो शब्द.
मी म्हटलं, साहेब, असते
तर इथं कशाला आलो असतो?
ते म्हणाले, सगळे हेच म्हणतात.
ज्यांनी नंतर देतो म्हटलं
त्यांना मीच नादार ठरवून दिलं.
आता नादाराकडून वसुली कशी करू, सांगा?

हेमलतानं स्वतःच्या पाटल्यांकडे पाहिलं नाही.
त्यावरूनच कळलं ती कसला विचार करतेय.

मग यादी.
देणी: बँक. कागदवाला. शाईवाला.
धाकटा भाऊ, जो म्हणाला होता माझं लिहू नकोस.
मालमत्ता: ट्रेडल एक, चालू.
ऑफसेट एक, पण ते बँकेचंच.
खिळ्यांच्या सात पेट्या, त्यात 'ळ' कमी.
लग्नपत्रिकेचे गणपती, ब्लॉक, एकोणीस,
पैकी एकाची सोंड झिजलेली.
हल्ली पत्रिका मोबाइलवर येते,
तिथला गणपती झिजत नाही.

आणि येणी? त्यांनी विचारलं.
तुमचं कोणी लागतं का?

मी जुनी वही काढली.
विजयकर वकील. लेटरहेड पाचशे,
व्हिजिटिंग कार्ड हजार,
बाकी एक हजार नऊशे.
बोट नाही ठेवलं. वही नुसती फिरवली
त्यांच्याकडे, प्रूफ दाखवतात तशी.

गिऱ्हाईक प्रूफ वाचतं तसंच वाचलं त्यांनी,
आधी स्वतःचं नाव.
मग बराच वेळ पेनाचं टोपण शोधत राहिले,
ते पेनाच्या मागेच होतं.
हेही घ्यावं लागेल यादीत, म्हणाले,
आणि स्वतःच्या अक्षरात स्वतःला लिहिलं
माझ्या देणेकऱ्यांत, खाली, एकटं.
आगाऊमधून वजा करू?
उरले अठरा हजार शंभर.

दोरी धरून उतरताना हेमलतानं विचारलं,
कार्ड घेतलंत का त्यांचं?
घेतलं होतं.
अजून आमच्याच छापातलं.
भेटण्याची वेळ, त्यातला ळ उडालाय.