पाचर

सूरमध्ये, खाडीच्या काठाला, शेवटून दुसरं घर.
मंगळवार, गुरुवार, सकाळी आठ,
गाडीचं स्टिअरिंग हाताला चटकायच्या आधी.
मी दारात बूट काढते
आणि आधी फ्रिजकडे जाते, माणसाकडे नंतर.

फ्रिजला चुंबकाने लटकलेली वही.
तिच्यात आम्ही सगळे राहतो, एकमेकांना न भेटता.
मारिसेल, नर्स, निळ्या शाईत:
टाचेची जखम रुपयाएवढी होती, आता मसुरीएवढी.
डॉक्टर इज्जेलदीन नुसते आकडे लिहितात.
सून शेखा उजवीकडून डावीकडे,
रात्री किती वेळा उठले, कुणाला हाका मारल्या.
आणि नाकातो, जी त्यांना उचलते, भरवते, पुसते,
तिने महिनाभर एक ओळही लिहिली नव्हती.
तिला कुणी पेनच दिलं नव्हतं.

तिनेच मला स्वयंपाकघरात बोलावून दाखवलं:
दोन इस्पितळं, दोन डब्या, दोन नावं,
आत गोळी एकच.
तीन आठवडे आम्ही त्यांच्या चकरेला
म्हातारपण म्हणत होतो.

खमीस बिन मुबारक. वय पंच्याऐंशी, किंवा नव्वद.
जन्मतारीख म्हणून ते एका गलबताचं नाव सांगतात.
खुब्यात पोलादी खिळा.
"लाकडाचा नाही मिळाला?" पहिल्याच दिवशी विचारलं,
मुंबईच्या गोदीत उचललेल्या हिंदीत.
कणा ताठ ठेवा, मी म्हणते.
हिराब, ते दुरुस्त करतात.
आमच्या देवगडला पठाण म्हणतात, मी सांगते,
होडीचा तळातला वासा.
मग व्यायाम राहतो बाजूला
आणि आम्ही होडी बांधत बसतो, शब्दाला शब्द ठोकून.

अरबीत प नाही, म्हणून मी बौर्णिमा.
अर्थ कळला तेव्हा हसले.
"उधाणाची रात्र! गलबत त्याच भरतीला लोटायचं पाण्यात."
आणि बोटं मोडत: "किती दिवस राहिले?"
एकोणीस.
माझ्या तक्त्यात होतं: दारापर्यंत बारा पावलं, सहा आठवडे.
ते खोडलं नाही. शेजारी एक चंद्र काढला.

मजलिसचा गालिचा गुंडाळा म्हटलं
तर घराने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.
पाहुणे काय उघड्या फरशीवर बसणार?
शेवटी गालिचा भिंतीकडे सरकला, हातभर,
तेवढीच वाट.

वॉकर कोरा करकरीत, कंपनीच्या हमीसकट.
ते उभे राहिले. थांबले.
"हा खोटं बोलतो."
मी पाहिलं, चारही पाय एकाच खाचेत.
त्यांनी डोळे मिटले, मुठींवर भार टाकला.
"मागचा डावा. अर्ध्या बोटाला थोडा कमी."
मोजपट्टी लावली: चार मिलिमीटर.

नाकातोने पलंगाखालून पेटी ओढली.
पटाशी, मुठीशी झिजलेली; सागाचा एक तुकडा,
मलबारचा, म्हणाले, वासावरून.
हात थरथरत होता.
लाकडाला टेकला तेव्हा थांबला.
चाळीस मिनिटं. माझी वेळ संपली, पुढचा पेशंट फोन करत राहिला,
फरशीवर सालपटं पडत राहिली, मी उचलली नाहीत.
रबरी टोपीत पाचर बसली.
वहीत लिहिलं:
आधाराविना बसून तोल, उत्तम. बोटांची हालचाल, उत्तम.
वॉकर, दुरुस्त. कुणी केला, त्याला रकाना नव्हता.

उधाणाच्या रात्री मी तिथे नव्हते.
गुरुवारी बूट काढले, फ्रिजपाशी गेले.
नवं अक्षर, मोठं, शाळकरी, ओळीच्या वर तरंगणारं.
नाकातो:

रात्री नऊ चाळीस. मी मागे खुर्ची घेऊन.
पाणी पायरीला लागलं होतं, आवाज येत होता.
सात पावलं.
आठवं त्यांनी उचललं, आणि परत ठेवलं.
म्हणाले, घाईने लोटलेलं गलबत आडवं होतं.
मग चहा मागितला. साखर दोन.

खाली मारिसेलची निळी शाई:
साखर एक.