बाटलीचं बूच

तिसऱ्या मजल्यावरच्या जास्वंदीला
शेंड्याशी पांढरा कापूस लागला.
धायरी फाट्यावरचे नर्सरीवाले इंगुळकर म्हणाले,
"हे मारा एकदा. विषय संपला."

बाटली आणली. बूच काढलं नाही.
कुंडीतले दाणे टिपणारी मुनिया
नेमकी तेव्हाच कठड्यावर आली.

मग जुना टूथब्रश, साबणाचं पाणी
आणि रोज सकाळी सव्वासहाला
चष्मा लावून, पानं उलटी करून
पिठ्या ढेकणांशी समोरासमोर.
निंबोळी तेल शुक्रवारी, उन्हं उतरल्यावर.
हात दोन दिवस कडू.

वांग्यावर मावा आला.
त्यात एक काळी, नारिंगी ठिपक्यांची,
सुसरीच्या पिल्लासारखी अळी.
चिरडायला बोट टेकवणार
तोच तिनं एक मावा उचलला
आणि निवांत खाऊ लागली,
मी शेंगा खाते तशी.

बोट मागे घेतलं.
माफी कशी मागायची, सुचेना.

आता कढीपत्त्याची एक फांदी
फुलपाखराच्या अळ्यांना दिलीये.
फोडणीला पानं कमी पडतात.
चारुशीला विचारते,
"किडीला कसला गं वाटा?"

बाटली अजून गिझरवर आहे.
धूळ बसलीये.
पुसत नाही मी.