मागची दोन

कात्रजच्या चढाआधी डाव्या हाताला
दस्तगीरचं दुकान. दारात टायरांची चळत,
टबातल्या काळ्या पाण्यात
बुडबुडा शोधत बसलेला पोरगा.

चारचे पैसे नव्हते. म्हटलं, दोनच घाला,
पुढे घाला. पुढे इंजिन, पुढे स्टिअरिंग,
पुढे मी.
त्यानं जॅक मागे लावला.

"पुढचं घसरलं तर हाताला कळतं, ताई.
मागचं सुटलं की कळेपर्यंत
गाडीचं तोंड परत स्वारगेटकडे."

मागचे जुने मग पुढे आले.
खाचेत रुपया उभा धरून त्यानं खोली बघितली,
"हे ओढतील अजून एक पावसाळा."
व्हॉल्व्ह धरून सहा हजार आठशे.

नऊ वर्षं मी पुढचंच बघत आले:
हप्ता, सिग्नल, पीएमटीचा धूर.
आरसा फक्त टिकली सरळ करायला.

मागच्या सीटवर आप्पा,
मांडीवर रिपोर्टांची पिशवी.
"नवे कुठले?"
"तुमच्या खालचे."
"म्हणजे पैसे वाया."

पण बोगदा येईपर्यंत
एकदाही "हळू" म्हणाले नाहीत.