उणे अठरा

सित्रात आज सत्तेचाळीस.
गेटपासून लॅबपर्यंतच्या शंभर पावलांत
बुटांचे तळ रस्त्याला चिकटतात, सुटतात,
चटक्, चटक्.
आपल्याच टाकीतलं डांबर आहे हे,
मुकादमभाई रोज सांगतात.
अभिमानानं की तक्रारीनं, कळत नाही.

आत मी, स्वेटर घालून,
न गोठणाऱ्या पाण्याच्या पेटीत
डांबराची कांडी निजवते. उणे अठरा. एक तास.
चिक्कीच्या लांबट वडीएवढी कांडी.
मग तिच्या मध्यावर शंभर ग्रॅम वजन,
आणि घड्याळ.
साठ सेकंदांत किती वाकली ते लिहायचं.
फारच ताठ राहिली तर नापास,
अख्खी बॅच परत.

शाळेच्या भिंतीवर आमच्या ऑइलपेंटनं लिहिलं होतं,
मोडेन पण वाकणार नाही.
जोशीलकर सर ते हात उंचावून म्हणायला लावत.
पगार मला उलट्याचा मिळतो.

माल जातो उत्तरेला, फॉर्मवर गावाचं नाव आहे,
उच्चार कुणालाच येत नाही.
तिथली इंजिनियर बाई लिहिते:
काँक्रीटचे सांधे हिवाळा उचकटतो,
मिठानं वरचे पापुद्रे निघतात.
काळा रस्ता बरा. जरा ऊन पडलं
की आधी त्याच्यावरचं बर्फ सुटतं, पट्टे दिसायला लागतात,
आणि खड्डा सकाळी भरला
तर दुपारची शाळेची बस त्यावरून जाते.
शेवटी सहज विचारलंय,
तुमच्याकडे पडतं का हो बर्फ?

मी बर्फ पाहिलंय ते पापलेटखाली.
फॅक्टरीतून लादी यायची, गोणपाटात,
आणि काका ती सुंभ्यानं फोडायचे.
आकाशातून येणाऱ्यालाही आम्ही तोच शब्द वापरतो.
कळवलं: नाही. ऊन मात्र हवं तेवढं आहे.

मुकादमभाई बाराला येतात, चहाचं निमित्त,
खरं तर पेटीच्या झाकणावर तळवे टेकायला.
बावीस वर्षं रोलर चालवला, आता ड्रम मोजतात.
"मोडली का?"
"नाही."
"डांबरट आहे," म्हणतात, लाडानं,
नातवाबद्दल बोलावं तसं,
जो त्यांनी अजून फोनवरच पाहिलाय.

मग कमरेवर एक हात, टेबलावर एक,
असे टप्प्याटप्प्यानं उठतात.
हेल्मेट. दार.
काचेपलीकडून आवाज येत नाही,
पण मला ऐकू येतं,
चटक्,
चटक्.